शंखजिऱ्याचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून मला बनवले आणि झाकणाला खिळ्याने बारीक भोके पाडली. १९२८ च्या सुमारास मी मंगरूळपीरच्या एका खासगी दवाखान्यात आलो. माझ्या पोटात शंखजिऱ्याची पांढरी, मऊ भुकटी असे.

कंपाउंडर शालिग्राम हिवतापासाठी कोयनेलच्या, म्हणजे क्विनाइनच्या, गोळ्या हाताने वळत. पाटावर आणि डबीत ते माझी भुकटी भुरभुरत, म्हणजे गोळ्या एकमेकींना चिकटत नसत. रोगी बरा झाला की कोयनेलचे नाव घेई. माझे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. साऱ्या बरण्यांवर चिठ्ठ्या होत्या, माझ्यावर नव्हती.

एका आश्विनात शालिग्राम बहिणीकडे केनवडला गेले. त्यांच्या जागी नवखा रामधन आला. त्याने मला हलवून पाहिले.

"हे तं औषधच नाही. कायले वेळ घालवाचा?" असे म्हणून त्याने मला कोपऱ्यात सरकवले. ओल्या गोळ्या तशाच डबीत भरल्या जात होत्या आणि मला हाकही मारता येत नव्हती.

शालिग्राम परतले त्याच दिवशी आसेगावजवळच्या तांड्यावरची कमलीबाई धावत आली. तिच्या डबीत साऱ्या गोळ्यांचा एकच लगदा झाला होता.

"भाऊ, ह्या गोया साऱ्या चिपकल्या. मी तोडून तोडून मालकाले देल्या. आता त्याईले ऐकूच येत नाही. कानात भुंगे वाजून राह्यले म्हणते!"

"एका वक्ताले केवढा तुकडा देला, बाई?"

"हाताले येईन तेवढा."

शालिग्राम डॉक्टरांना बोलवायला आत धावले. कोयनेल जास्त झाले की कान जातात, हे त्यांना ठाऊक होते. डॉक्टर लगेच बैलांची दमणी जुंपून तांड्यावर गेले. तिचा नवरा फुलसिंग वाचला. डावा कान उघडला, उजवा मात्र कायमचा गेला.

रामधन रडू लागला. शालिग्राम त्याच्यावर रागावले नाहीत.

"भुकटी कायले टाकतेत, हे मीच तुले सांगतलं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी मला कोपऱ्यातून काढले आणि रामधनला शेजारी बसवून गोळ्या वळायला शिकवले.

काही वर्षांनी मुंबईहून यंत्राच्या गोळ्यांच्या बाटल्या येऊ लागल्या. यंत्रातही अशीच भुकटी लागते, असे डॉक्टर एकदा म्हणाले. माझे भाऊबंद तिकडे कामात आहेत, मी मात्र इथे माळ्यावर रिकामा पडलो आहे. खालून माणसांचे आवाज येतात, फळ्यांच्या फटीतून थोडे दिसते. वर कोणी येत नाही.

शालिग्राम वारले, त्यानंतरच्या बाजाराला फुलसिंग आला. "शालिग्रामभाऊ कुठं गेले?" त्याने विचारले. रामधन जागचा उठला, वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला गेला आणि कानाशी वाकून हळूच सांगितले. मग तो फुलसिंगशेजारी बाकावर बसला.

मित्रांनो, कोणाचे काम तुम्हाला बिनकामाचे वाटले, तर त्याला बाजूला सारण्याआधी एकदा विचारा. आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर कोणी विचारायची वाट पाहू नका.