बत्तीस वर्षांची मिरान

कोरियातल्या चुसोकच्या, सुगीच्या सणाला मिरान माशाचे काप तळत होती. सासूबाई पाहुण्यांना सांगत होत्या, "सूनबाई बत्तीसची, पण अंडाशय पंचेचाळीसचं! रिपोर्टातच आहे. वर्षभर माझा काढा घेऊ दे, मग बघू उपचारांचं."

"वहिनी, तरण्या मुलाला म्हातारी बायको केलीत की!" आत्याबाई खिदळल्या.

मिरानने गॅस बंद केला.

"आई, माझी स्त्रीबीजं थोडी उरलीत, पण ती बत्तीस वर्षांचीच आहेत. म्हणूनच डॉक्टर घाई करताहेत. वर्ष काढ्यात गेलं, तर ते तुम्ही परत देणार का?"

"अगं, पाहुणे जेवायचेत!"

"तुमचा मुलगा बाहेर पत्ते कुटतोय. त्याला तळायला सांगा."

तिने किमचीच्या लोणच्याच्या फ्रीजमधून डॉक्टरांनी दिलेलं स्त्रीबीजं वाढवायचं इंजेक्शन काढलं आणि सगळ्यांसमोर पोटात टोचून घेतलं.