अंधार करून लावायचा दिवा

मी एक जुना दिवा आहे. देव्हाऱ्यातला नव्हे, रस्त्यावरचा नव्हे, आणि शेतात न्यायची बॅटरी तर मुळीच नव्हे. कोल्हापुरातल्या लहान बाळांच्या एका दवाखान्यात, ट्रॉलीच्या वरच्या खणात माझा मुक्काम असतो. माझं तोंड अंगठ्याएवढं आणि उजेड थंड. कालच जन्मलेल्या बाळाच्या छातीला टेकवलं तरी चटका बसत नाही. हे दुसऱ्या कुठल्या दिव्याला जमत नाही, म्हणून थोडी ऐट दाखवली तर राग मानू नका.

मित्रांनो, जन्मल्यावर पहिला श्वास घ्यायला बाळाला केवढा जोर लावावा लागतो! क्वचित त्या जोरात फुप्फुसाला बारीकशी फट पडते. हवा बाहेर निसटते आणि फुप्फुस व बरगड्यांच्या मध्ये कोंडून बसते. मग फुप्फुसाला फुगायला जागाच उरत नाही, ते मिटतं. दिवस भरण्याआधी आलेली बाळं, आईच्या पोटातच शी करून भोवतालचं ते घाण झालेलं पाणी श्वासात ओढलेली बाळं, श्वासासाठी यंत्र लावावं लागलेली बाळं, यांना हा धोका जास्त. हवा थोडी असेल तर आपोआप जिरते, बाळाला फक्त डोळ्यांत तेल घालून सांभाळावं लागतं. पण ती वाढत गेली तर हृदयावरच दाब येतो. तेव्हा एक्स-रेची वाट बघायला सवड नसते. तेव्हा मला हाक येते.

एका छोट्या कारखान्यात माझी जुळणी झाली. इथे आलो तेव्हा डॉक्टर ऋता मला स्वतःच्या हाताने पुसायच्या. पुढे नवी यंत्रं आली आणि सगळ्यांचा ओढा तिकडे वळला. इथल्या वयाने मोठ्या नर्स, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, त्यांनी तर एकदा मला कपाटाखाली गेलेलं पेनाचं टोपण शोधायला वापरलं. मला भयंकर राग आला. टोपण सापडलं, तरी तो गेला नाही.

मग एका दुपारी अनुजाची मुलगी इथे जन्मली. अनुजाचं घर कोडोलीचं, नवरा विश्वजित शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर. सोबत सासूबाई होत्या, बनाबाई. बाळाने पोटातच शी केली होती. जन्मल्यापासून ते श्वासागणिक कण्हत होतं, नाकपुड्या फुलत होत्या. आजीला नात दाखवायला आत बोलावलं, आणि तिच्यादेखत बाळ निळं पडलं.

"अक्का, दिवे बंद करा!" डॉक्टर ऋता मला उचलत म्हणाल्या.

बनाबाई बटणांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "न्हाय म्हंजे न्हाय! नुकतं जल्माला आलेलं लेकरू, आन् त्येच्यावर अंधार करताय व्हय? आमच्यात दिवा घालवत न्हाईत!"

अक्कांनी त्यांचा दंड धरला, पण बाई तसूभर हलेनात. बाळाचे ओठ काळवंडत चालले होते. मला तर ओरडावंसं वाटलं.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. "आजी, हिच्या छातीत हवा कोंडलीय असं वाटतंय. उजेडात ते दिसत नाही. मोठा दिवा बंद करून हा बारका लावायचाय. हिला मी अंधारात सोडणार नाही."

बनाबाईंनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच बटण दाबलं. "मग त्या खिडकीचं काय? ऊन येतंय की तिथनं!" बाळासाठी आणलेली खांद्यावरची वाकळ ओढून त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीवर ताणून धरली.

खोलीत अंधार झाला. मी डाव्या बाजूला टेकलो. माझ्याभोवती लहानसं लाल कडं उमटलं. उजव्या बाजूला टेकलो, आणि तिची सगळी उजवी छाती आकाशकंदिलासारखी उजळली.

"उजवीकडे हवा आहे. सुई द्या."

सुई आत गेली आणि सिरिंजमध्ये हवा भरत गेली. ओठांवर गुलाबी रंग आला आणि पोरीने टाहो फोडला. बनाबाई अजून खिडकीकडेच तोंड करून उभ्या होत्या.

"रडली व्हय? आमचीच न्हवं?" त्यांनी न वळताच विचारलं. "आता वाकळ खाली घिऊ का?"

पुढे छातीत बारीक नळी घातली, एक्स-रे काढला. काही दिवसांनी फुप्फुस पुरतं उघडलं आणि नळी निघाली. वेळेत कळलं तर बहुतेक बाळं अशीच बरी होतात, असं डॉक्टरांनी अनुजाला सांगितलं. सगळी होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. दोघा-तिघांपर्यंत मी फार उशिरा पोचलो होतो, आणि ते मी विसरलेलो नाही.

घरी जायच्या दिवशी बनाबाई माझ्यासाठी कुंकू घेऊन आल्या. अक्कांनी हात आडवा धरला. "मावशी, नको. हा दुसऱ्या बाळांच्या अंगाला लागतो."

"मग काय, तसंच जाऊ व्हय?" म्हणत त्यांनी माझ्यावरून दोन्ही हात ओवाळले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. माझी कुणी दृष्ट काढेल, असं कधी मनातही आलं नव्हतं. फार बरं वाटलं.

मित्रांनो, घरात नवं भावंड आलं आणि ते श्वासागणिक कण्हत असेल, बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील, तर मोठ्यांना लगेच सांगा. "सकाळी बघू" म्हणू देऊ नका. आणि मोठेपणी कधी मी तुमच्या हाती आलो, तर मला ओवाळलं नाहीत तरी चालेल. मला पुसा, चार्जिंगला लावा आणि परत त्याच खणात ठेवा. पुढचं बाळ निळं पडेल, तेव्हा मला शोधत बसायला कुणालाच वेळ नसेल.