हरपाजीची वही

शनिवार, ७ ऑक्टोबर १९६७. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी जानेफळच्या प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग हसला नाही.

उत्तमराव मेटांगळे गुरुजी आपल्या नव्या पुस्तकाच्या हस्तलिखिताचे बाविसावे पान वाचत होते. गोष्टीतला हरपाजी शेतातून थेट शेजाऱ्याच्या घरात शिरतो, फेटा खुंटीला अडकवतो, बाजेवर बसतो आणि शेजारणीला दरडावतो, "वाढ लवकर! आणि सकाळपासून दुपारपर्यंत तू एवढी जाड कशी झालीस?" या वाक्यापुढे गुरुजींनी समासात पेन्सिलीने तीन फुल्या मारून ठेवल्या होत्या. तीन फुल्या म्हणजे सगळा वर्ग हसणार. वर्ग हसला की त्या शाईने पक्क्या व्हायच्या. नाही हसला, तर वाक्य जायचे.

चौतीस मुले गप्प बसून होती. गुरुजींनी वाक्य पुन्हा वाचले. मागे कोणीतरी खोकले.

"काऊन रे? मजा नाही आली?"

मुलांनी कोकिळाकडे पाहिले. ती सावकाश उभी राहिली.

"गुर्जी, हे आमचं घर हाये ना?"

"कोणतं?"

"गोष्टीतलं. कडूबाआबा आमच्याच घरी आल्ते, पोळा झाल्यावर."

"हाव. तुह्या आईनंच सांगतलं मले."

"आईनं पुरं नाही सांगतलं. आई म्हने, आबा, हे तुमचं घर नोहे. तं आबा भिताडाकडं तोंड करून रडले. लय वेळ." ती खाली बसली आणि पुन्हा उठली. "गोष्टीत ते हासतेत."

गुरुजींनी तिन्ही फुल्या खोडल्या, हस्तलिखित पिशवीत घातले आणि मुलांना पाढे म्हणायला लावले.

उत्तमरावांचे वय तेव्हा त्रेपन्न होते. मास्तरकी तीस वर्षांची. मुलांसाठी लिहिलेली चार विनोदी पुस्तके नावावर होती, ती नागपूरच्या एका प्रकाशकाने छापली होती आणि त्यांतली तीन हरपाजीची होती. हरपाजी हा वऱ्हाडातला विसराळू शेतकरी. बायकोला मेहकरच्या बाजारात विसरून येणारा आणि ती गाडीत मागे बसलीच आहे असे समजून घरापर्यंत तिच्याशी भांडत येणारा. अर्धी दाढी झाल्यावर बैल मोकळा राहिल्याचे आठवून न्हाव्यापुढून पळणारा, आणि उरलेली अर्धी करायला चौथ्या दिवशी उगवणारा. अकोला, अमरावतीकडची मुले पत्रे पाठवीत. बरीचशी पत्रे लेखकाला नसून हरपाजीला असत. उत्तमराव रविवारी बसून सगळ्यांना उत्तरे लिहीत, खाली सही हरपाजीची करीत, आणि याहून जास्त काही आपल्या आयुष्यात व्हायला हवे असे त्यांना वाटत नसे.

हरपाजी म्हणजे कडूबा, हे गावात कोणाला सांगावे लागत नव्हते. कडूबा उत्तमरावांबरोबर चौथीपर्यंत शिकला आणि मग बापाच्या शेतीत गेला. बाजारात बायको विसरल्याची हकीकत त्यानेच १९६१ साली पारावर बसून सांगितली होती, तिच्या शिव्यांसकट.

"हे लिहू का बे?" उत्तमरावांनी विचारले होते.

"लिव्ह ना. फकस्त बुढीचं नाव नको टाकू. मले घरात राहाचं हाये."

तेव्हापासून रिवाज पडला. कडूबाने सांगायचे, उत्तमरावांनी विचारायचे, कडूबाने 'लिव्ह' म्हणायचे. प्रत्येक हकीकत एका शंभर पानी वहीत तारखेनिशी उतरे, कारण बिनतारखेची गंमत थापेसारखी वाटते असे उत्तमरावांचे मत होते. शेवटच्या रकान्यात ती कोणी सांगितली त्याचे नाव.

त्या शनिवारी दुपारी त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. नोंदी सदतीस होत्या. पहिल्या एकोणीस नोंदींपुढे एकच नाव होते, कडूबा. विसावी नोंद ३ एप्रिल १९६५ची. सांगणारी झुंबरबाई, म्हणजे कडूबाची बायको. पुढे पोस्टमन, कय्यूम शिंपी, कोकिळाची आई, पुन्हा झुंबरबाई. अडीच वर्षांत कडूबाने स्वतः एकही हकीकत सांगितली नव्हती. उत्तमरावांनीही त्याला एकदाही विचारले नव्हते.

नव्या पुस्तकात नऊ गोष्टी होत्या. त्यांतल्या सहा विसाव्या नोंदीनंतरच्या. हस्तलिखित प्रकाशकाला ३१ ऑक्टोबरपर्यंत हवे होते.

चार वाजता ते वही घेऊन कडूबाच्या घरी गेले. कडूबा शेतात होता. झुंबरबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती.

"या भाऊजी. आज काय इसरले आमचे?" ती हसत म्हणाली. "सांगू का? सकायी दोन खेप आंघोळ केली. लिव्हा."

"लिहीन. पयले हे आइका."

तिला वाचता येत नव्हते. उत्तमरावांनी वही वाचायला घेतली. अर्ध्या दाढीपाशी तिने पदराने डोळे पुसले, इतकी ती हसली. पंधराव्या नोंदीत कडूबा दुसऱ्याच लग्नाच्या पंगतीत जेवून आहेर करून आला होता. तिथे तिने त्या नवरीचे नावही सांगितले. विसाव्या नोंदीलाही ती हसली. सव्विसाव्या नोंदीला तिच्या हातातला वेल तसाच राहिला.

"भाऊजी, ह्या इतक्या जवळ जवळ काऊन आल्या?"

"काय?"

"तारखा. आधी दोन-तीन मयन्यानं एक व्हती. आता हप्त्याले एक होऊन राह्यली."

उत्तमरावांच्या हे लक्षात आले नव्हते. त्यांनी बोट ठेवून तारखा पुन्हा पाहिल्या.

"मी म्हनो, सभाव हाये," झुंबरबाई म्हणाली. "लग्नाच्या दिवशी बाशिंग घरी ठिवून आल्ते. मंग तुमी लिव्हलं. लोक हासले. लोक हासले म्हनून मीबी हासली."

"मीबी तेच समजलो, वयनी."

"तुमी तं मास्तर हाये."

उत्तमरावांनी वही मिटली. ते म्हणाले, "बुलढाण्याले दाखवू डॉक्टरले."

"त्याले सांगाचं काय? कवापासून, काय झालं, माह्या ध्यानात हाये का?"

"ही वही देऊ."

मंगळवारी, दहा तारखेला, उत्तमरावांनी किरकोळ रजा टाकली. चिखलीला गाडी बदलून तिघे बुलढाण्याला गेले. वाटेत कडूबा पुनःपुन्हा विचारत होता, "दवाखान्यात कोन हाये बे आपलं?" चौथ्या वेळी उत्तमराव म्हणाले, "तूच हायेस." कडूबाला ते पटले. "मंग डबा आनला का माह्यासाठी?" त्याने विचारले, आणि मागच्या बाकावरचे दोघे हसले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कडूबाला प्रश्न विचारले. गावाचे, आजोबांचे, आजवरच्या सगळ्या बैलांची नावे त्याने न अडखळता सांगितली. सकाळी काय खाल्ले ते त्याला सांगता आले नाही. मग डॉक्टरांनी वही उघडली. अर्ध्या दाढीपाशी ते मोठ्याने हसले आणि लगेच सावरले.

"माफ करा."

"हासा ना, सायेब," कडूबा म्हणाला. "त्याचं लिव्हनंच तसं हाये."

डॉक्टरांनी शेवटपर्यंत वाचले. नोंदींच्या तारखा वेगळ्या कागदावर उतरवून घेतल्या. "रोगाचं नाव मी आज सांगणार नाही," ते उत्तमरावांना म्हणाले. "नागपूरला दाखवावं लागेल. दिवाळीनंतर जा, चिठ्ठी देतो. पण वही थांबवू नका. अशी माहिती आम्हाला कोणी आणून देत नाही."

परतीच्या गाडीत कडूबा खिडकीशी बसला आणि प्रत्येक गावाचे नाव मोठ्याने सांगत आला. एकही चुकले नाही.

पुस्तकाचा प्रश्न मात्र सुटला नाही. तीन गोष्टी कडूबाने सांगितलेल्या होत्या. त्या छापायला हरकत नव्हती. तीन गोष्टींचे पुस्तक होत नाही. कोकिळाच्या घरची गोष्ट उत्तमरावांनी काढून टाकली, दोन दिवसांनी पुन्हा घातली, कारण ती सगळ्यांत चांगली उतरली होती. शेवटी त्यांनी जुन्या रिवाजाप्रमाणे विचारायचे ठरवले.

रविवार, २२ ऑक्टोबरला दुपारी चार वाजता ते हस्तलिखित घेऊन गेले. कडूबाने त्यांना लांबूनच ओळखले.

"ये बे उत्त्या! आज शाळा नाही वाटते?"

"आयतवार हाये. काही वाचून दाखवतो तुले."

झुंबरबाई उंबरठ्यावर येऊन बसली. उत्तमरावांनी सहाच्या सहा गोष्टी ओळीने वाचल्या. कडूबा मांडीवर थापा मारून हसला. शेजारणीच्या घरातल्या जेवणाला त्याला ठसका लागला आणि झुंबरबाईने पाणी आणून दिले.

"कोन हाये बे हा बावळट?" त्याने डोळे पुसत विचारले.

"हाये एक. आपल्याच गावचा."

"भोळा दिसते लेकाचा." कडूबा हसायचा थांबला. "त्याले इचारलं का तू, लिव्हाच्या पयले?"

उत्तमरावांनी झुंबरबाईकडे पाहिले. ती खाली पाहत होती.

"तेच इचारून राह्यलो."

"मंग काय म्हनते तो?"

"अजून काही म्हनला नाही."

"काऊन? रागावला का?"

"नाही. हासला."

"हासला तं झालं की!" कडूबा म्हणाला. मग त्याचा चेहरा गंभीर झाला. "पर असं नाही चालत बे. मानूस हासते आन् घरी जाऊन रडते. तोंडानं हाव म्हनला पायजे त्यानं. तुले नाही जमाचं, तू मास्तर. पोराहीले इचारत नाहीस, त्याले काय इचारशील? चाल, मी येतो. कुठी राहते तो?"

 कडूबाने खुंटीवरचा फेटा काढला आणि बांधायला घेतला. पेच नीट बसला. त्याने जोडे घातले, ज्या पायाचा त्या पायात.

"मी सांगतो त्याले," तो म्हणाला. "म्हनतो, चांगल्या घरचा मास्तर हाये, लबाड नाही. तुले नको असंन तं नको म्हन, तो फाडून टाकंन. फाडशील ना?"

"फाडीन."

"मंग चाल."

"जा भाऊजी," झुंबरबाई म्हणाली. "त्याह्यच्या संग जा."

पाच वाजून वीस मिनिटांनी दोघे घराबाहेर पडले. हस्तलिखित उत्तमरावांच्या काखेत होते. चावडीपाशी बसलेल्या निवृत्तीने विचारले, "कुठी निंगाले दोघं?"

"एका मानसाले भेटाले," कडूबा म्हणाला.

सहाच्या सुमारास ते मेहकरच्या रस्त्याला लागलेले दिसले. पुढे कडूबा चालत होता आणि त्याच्यामागे, एक पाऊल अंतर ठेवून, उत्तमराव.