दोऱ्यातली अंडी

“अंडं? माझ्या घरात?”

आमचे हे एवढ्या मोठ्यानं ओरडले की ऋतुजाच्या हातातलं बिस्किट खाली पडलं. सहा वर्षांची नात. आजोबाला जन्मात पहिल्यांदा पाहून तिला जेमतेम तास झाला होता.

“कोंबडीचं नाही हो,” मी म्हटलं. “साखरेचं म्हनून राहिली ते. उद्या ईस्टर हाय ना! हिची तिकडची आजी दरसाल बनवून देते.”

“मंग बनवू दे तिलेच.”

“ते नागपूरले दवाखान्यात भरती हाय. म्हनून त पोरगी आपल्याकडं आली. आता दोन दिवस हिच्यासमोरही तोंडाले कुलूप लावता का?”

कुलूप लावण्यात यांचा हात कोणी धरू शकत नाही. आमच्या तृप्तीनं छिंदवाड्याच्या सौरभशी, ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं तेव्हा हे म्हणाले होते, माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको. तीही यांचीच लेक, ठेवला नाही. आता आठ वर्षं झाली. छिंदवाडा-नागपूर बस आमच्या सौंसरच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबते, त्या दहा मिनिटांत मी माझी लेक पाहून घेते. खिडकीतून चिवड्याचा डबा द्यायचा, खिडकीतूनच गालावर हात फिरवायचा. आज सकाळी तिनं पोरगी खाली उतरवून दिली, “सोमवारी परत जाताना घेतो,” म्हणाली, आणि स्वतः बसमध्येच राहिली. मला एवढंच हवं होतं की सोमवारी तिनं घरी यावं, माझ्या ओट्यापाशी उभं राहून एक कप चहा प्यावा. आणि इथं तर पहिल्याच तासाला आरडाओरडा!

ऋतुजा काही घाबरली नाही. “नानाजी,” ती म्हणाली, “तुमाले साखरेचे अंडे बनवता येत नाही का?”

झालं! नत्थूजी गाठीवाल्याला साखरेचं काही येत नाही, असं कोणी म्हणावं? चाळीस वर्षं होळी-पाडव्याच्या साखरगाठी यांच्याच हातच्या. सौंसर-लोधीखेड्याची अर्धी लेकरं यांची गाठी गळ्यात घालून मोठी झाली. पण यांच्या वडिलांचा नियम होता. पाडवा झाला की भट्टी विझवायची आणि साचे तेल लावून कपड्यात बांधून ठेवायचे. ते पुढच्या फाल्गुनापर्यंत सोडायचे नाहीत.

हे अंगणातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून अंगणात फेऱ्या घालू लागले. तीनदा माठापाशी गेले, पाणी एकदाही प्यायले नाहीत. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. तांदूळ निवडायला घेतले, ठेवून दिले. शेवटी मी नातीला घेऊन बसले आणि, ईस्टरला अंड्यांसोबत पिल्लंही लागतात म्हणाली म्हणून, आम्ही कापसाची पिल्लं केली. हळदीच्या पाण्यात बुडवून पिवळी केली, मोहरीचे डोळे लावले, संत्र्याच्या सालीची चोच लावली.

जाता जाता हे थबकले. “डोये इतके वर असते काय कोंबडीच्या पिल्लाचे?”

“मंग तुमी करा ना!” ऋतुजा म्हणाली.

पाच मिनिटांनी हे माळ्यावरून गाठोडं घेऊन उतरले. “बापाच्या काळचा लांबट मन्यांचा साचा हाय. पाहू जमते का.”

साचा पाण्यात भिजला. पाक चढला, दुधाचा शिंतोडा देऊन मळी निघाली, गुलाबी रंग पडला. नात डोळे मोठे करून बघत होती आणि हे उगाचच जरा जास्त उंचावरून पाक ओतत होते. निवल्यावर साचा उघडला. सात गुलाबी अंडी, एकसारखी, गुळगुळीत. आणि साती एका दोऱ्यात!

“याले दोरा कायले?” ऋतुजा रडवेली झाली. “आता लपवू कसे? मम्मी एकेक लपवते, मी शोधतो.”

मला हसू आवरेना.

“हसून काय राहिली?” हे लाल झाले. “चाळीस वर्साची सवय हाय. हातानं घातला, मी नाही.” कात्री घेऊन बसले.

“कापू नका नानाजी! हे मम्मीले देऊ. मम्मी होळीले मले गाठी घालते ना, तवा म्हनते, माझे बाबा पयली गाठी मले देत होते.”

कात्री तशीच राहिली. दाराच्या मागे एक खुंटी होती. तृप्ती गेल्यापासून दरसाल भट्टीतली पहिली गाठी हे तिथं टांगायचे. विकायचे नाहीत, कोणाला द्यायचे नाहीत. जेठ महिन्यापर्यंत मुंग्या ती खाऊन टाकायच्या आणि खालचा चुरा मी झाडून काढायची. आठ वर्षांत आम्ही दोघं त्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या घाण्याला ऋतुजानं यांचा उजवा हात घट्ट धरून ठेवला होता, दोरा घालू नये म्हणून. रविवारी ती अंडी यांनीच लपवली, तुळशीमागे, चपलेत, एक तर स्वतःच्या टोपीत. नातीनं सगळी शोधली.

सोमवारी मी चहाचं दूध वेगळं काढून ठेवलं. “चला ना स्टँडवर. तुमी एक शब्द बोलले त येईन ते.”

“मले काम हाय,” हे म्हणाले. पण धुतलेला सदरा घातला होता. अंड्यांच्या गाठीला मधोमध साखरेचं पदकही लावलं होतं. हे आमच्या वीस पावलं मागून आले आणि रसवंतीपाशी थांबले.

बस आली. तृप्तीनं खिडकीतून गाठी घेतली, पाहिली आणि विचारलं, “बाबानं बनवली?” मग भरल्या बसमध्ये, एवढी शाळेतली मास्तरीण, तिनं ती गळ्यात घातली.

“उतर ना, माय. चहा ठेवला हाय.”

तिनं माझ्या डोक्यावरून रसवंतीकडं पाहिलं. यांची पाठ आमच्याकडं होती. “बाबानं बलावलं त येतो, आई.”

कंडक्टरनं शिटी मारली. ऋतुजा चढली. बस हलली तेव्हा हे वळले, हात वर केला, “तृप्ते!” म्हणाले. तोवर बस वळणावर गेली होती.

परतताना हे माझ्या बरोबरीनं चालले. मग म्हणाले, “पदक गळ्यात समोरच होतं ना?”

“होतं.”

घरी आल्यावर यांनी खुंटीवरची यंदाची, मुंग्यांनी पोखरलेली गाठी उतरवली, पक्कड घेतली आणि दारामागची खुंटी उपटून काढली. “पुढच्या होळीले पयली गाठी छिंदवाड्याले नेऊन देईन. मी सोता.”

होळीला अजून अकरा महिने आहेत. मी चहा दोघांपुरताच टाकला. खुंटीच्या जागी भिंतीत भोक राहिलं होतं आणि मुंग्या अजून त्याच्याभोवती फिरत होत्या.