यादीबाहेरचा दहावा प्रोग्राम

रविवारी सकाळी दहाच्या आत आमच्या जिन्यावर चपला ठेवायला जागा उरायची नाही. आधी आलेले जमिनीवर बसत, नंतरचे भिंतीला टेकून उभे राहत आणि उरलेले दारातून एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढत. खोली बाबांची होती. टेबलावर त्यांचा जुना संगणक होता. पिवळट पडलेली पेटी, वीतभर पडदा, खाली फ्लॉपी घालायची फट. बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते, आणि त्या पेटीतून ते बोलतात यावर खोलीतल्या प्रत्येकाचा विश्वास होता. एकट्या माझा, बाबा गेल्यावर घरी येऊन राहिलेल्या त्यांच्या मुलीचा, नव्हता. माझा अविश्वासही पहिल्या रविवारी डळमळला होता, हे कबूल केलेलं बरं.

"श्वाससुद्धा हळू घ्या," निरोप्या म्हणाला. "त्यांना लांबून यायचंय."

गेलेल्यांचे निरोप आणतो म्हणून लोक त्याला निरोप्या म्हणत. पूर्वी तो असली यंत्रं दुरुस्त करायचा. यंत्रं जुनी झाली, दुकान बसलं, तेव्हा तो मेलेल्यांकडे वळला. तिकडे गिऱ्हाईक कमी पडत नाही.

"माणूस म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

"वीज!" पुढच्या रांगेतून शिंपीणबाई म्हणाली. तिला आता सगळं पाठ झालं होतं.

"यंत्र म्हणजे काय?"

"वीज!"

"मग वीज विजेला ओळखणार नाही का? आता बघा. हा कीबोर्ड. ही त्याची वायर. काढली! गेला बाजूला. आता टाईप कोण करणार? मी? माझे हात हे वर. तुम्ही? का मामांचं नाक?"

लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं मामाच हसला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. निरोप्याला घरात आणणारा तोच.

निरोप्यानं बटण दाबलं. पेटी घरघरली. पडदा उजळला आणि तसाच कोरा राहिला. मी लहानपणापासूनच्या सवयीनं मनातल्या मनात आकडे मोजत होते. अखेर कोपऱ्यात घड्याळ उघडलं, त्याच्याखाली गणकयंत्र, मग बाबांची टिपणवही. कागदासारख्या त्या पांढऱ्या चौकोनात एकेक अक्षर उमटू लागलं, मध्ये थांबत, दमलेल्या माणसानं लिहावं तसं.

मास्तरीणबाई, गोळ्या बंद कर. गोळ्यांनीच मला नेलं. पाणी घे. पाणी पुरे आहे.

मास्तरीणबाई हे नाव बाबांनी आईला दिलेलं होतं. ती शाळेत गणित शिकवायची. चारचौघांत त्यांनी तिला या नावानं कधी हाक मारली नव्हती.

"पाणी म्हणजे या पेटीच्या लहरी उतरलेलं आपलं पाणी हो," निरोप्या हलकेच म्हणाला. पेटीवर तासभर ठेवलेली बाटली त्यानं आईच्या ओंजळीत दिली. मग संगणक बंद करून त्यानं विजेची वायर गुंडाळली आणि खिशात घातली. दर वेळी तो ती बरोबर न्यायचा. "आठवड्यात कुणी चालू करायचं नाही. वाट मोडली तर ते पुन्हा यायचे नाहीत."

आईनं त्याच दिवशी हृदयाच्या गोळ्यांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला.

बाबा गोळ्यांनी गेले नव्हते. शेवटचे दोन महिने त्यांनी आपल्या गोळ्या घेतल्याच नव्हत्या. न फोडलेल्या पाकिटांचा गठ्ठा त्यांच्या खणात निघाला तेव्हा आई माझ्या शेजारी उभी होती. तिला ते माहीत होतं. तरी तिनं पडद्यावरचं खरं मानलं. गणितात कुणाला अर्धा मार्क फुकट न देणारी बाई ती.

बुधवारपर्यंत तिचे पाय सुजले. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. दोन उशा घेतल्याशिवाय तिला झोपता येईना. मी डॉक्टरांना फोन केला. आमच्या डॉक्टरीणबाई एरवी थट्टेखोर, पण त्या दिवशी त्यांनी सरळ विचारलं.

"किती दिवस झाले गोळ्या बंद करून?"

"चौथा."

"आज सुरू करा. छातीत पाणी भरायला लागलं तर हाताशी फार वेळ राहणार नाही. घ्यायला तयार नसतील तर उचलून इकडे आणा."

आई तयार नव्हती.

"तुला बघवत नाही," ती म्हणाली, "ते माझ्याशी बोलतात ते."

"आई, डॉक्टर म्हणतात—"

"डॉक्टर त्यांच्याबरोबर एक्केचाळीस वर्षं राहिल्यात का? हे नाव डॉक्टरांना ठाऊक आहे? निरोप्याला ठाऊक होतं? सांग ना. तू एवढी पुस्तकं वाचतेस."

रविवारपासून एक आकडा मला छळत होता. संगणक पूर्ण उघडेपर्यंत मी त्रेसष्ट मोजले होते.

बाबा टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. फालतू जोडणी त्यांना खपत नसे. संगणक चालू होताना आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामांची त्यांनी एका वहीत यादी ठेवली होती. "दाराशी प्रत्येकाला विचारायचं, तू कोण आणि तुझं काय काम," असं ते म्हणत. मेंदू एवढासा, त्यात दहा जण घुसले तर यंत्र गुदमरतं. घड्याळ, गणकयंत्र, टिपणवही, मराठी अक्षरं, छपाईयंत्राचा जोड असे मिळून नऊ. प्रत्येकापुढे तारीख आणि तो किती सेकंद खातो तो आकडा. खाली बेरीज: एक्केचाळीस. महिन्यातून एकदा ते मनगटावरचं घड्याळ धरून ती तपासत, आणि मोजायचं काम माझं असे.

एक्केचाळीसाचे त्रेसष्ट झाले होते. मेल्यावर माणूस बावीस सेकंद खातो, असं मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

दुपारी आईचा डोळा लागल्यावर मी बाबांच्या खोलीचं दार लोटलं. वायर निरोप्याच्या खिशात होती, पण तशीच वायर आमच्या विजेच्या किटलीला लागते. मी कीबोर्ड जोडला, शिफ्टचं बटण दाबून धरलं आणि संगणक चालू केला. हेही बाबांनीच शिकवलेलं. चालू होताना शिफ्ट दाबून ठेवलं की आपोआप उघडणारे सगळे बाहेरच थांबतात. एखादा प्रोग्राम बिघडून यंत्र अडलं तर आत शिरायची ती वाट.

पडदा उजळला. घड्याळ नाही, गणकयंत्र नाही, वही नाही. कुणीही बोललं नाही. माझं बोट बटणावर पांढरं पडलं होतं. ते उचलायला मला बराच वेळ लागला, कारण तोवर माझ्यातला एक कोपरा वाट पाहत होता.

यादी उघडली. नऊ नावं बाबांच्या वहीतली. दहावं नाव होतं 'सफाई'. तयार झाल्याची तारीख बाबा गेल्यानंतर अकराव्या दिवसाची. त्या दिवशी हा संगणक आमच्या घरात नव्हताच. "धूळ काढून देतो, गेलेल्या माणसाची आठवण आहे," म्हणत निरोप्या तो दोन दिवस घेऊन गेला होता.

सफाईच्या शेजारी एक साधी फाईल होती. तीत बारा निरोप ओळीनं लिहिलेले. संगणक एकदा चालू झाला की एक निरोप टिपणवहीत टाईप व्हायचा, पुढच्या खेपेला पुढचा. अक्षरांमधलं थांबणंसुद्धा आकड्यांत लिहून ठेवलं होतं. चार होऊन गेले होते. मी पाचवा वाचला.

मास्तरीणबाई, पोरीला परत पाठव. ती आपल्यामध्ये येते.

सहावा: ही खोली निरोप्याच्या स्वाधीन कर. सगळ्यांना इथे येऊ दे.

आणि बारावा: दवाखान्याची पायरी चढू नकोस. इथेच राहा, माझ्याजवळ.

खिडकीतून ऊन येत होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, आणि मी आईच्या पुढच्या दोन महिन्यांचं वेळापत्रक वाचत होते. निरोप्याला तिचा जीव घ्यायचा होता, असं मी म्हणणार नाही. त्याला खोली हवी होती, रोजची गर्दी हवी होती, आणि डॉक्टर त्याच्या वाटेत येत होते. आईचं काय होईल हा प्रश्न त्या फाईलमध्ये कुठे नव्हताच.

मास्तरीणबाईचा उलगडाही झाला. बाबांच्या टिपणवहीची जुनी पानं मी उघडली. तिसऱ्याच पानावर होतं: मास्तरीणबाईंचा चष्मा आणणे. निरोप्यानं पानं चाळली होती, बस.

मी फाईल हातानं कागदावर उतरवली, आणि आई उठल्यावर तिला सगळं सांगितलं. तिनं कागदाकडे पाहिलंही नाही. "तूच लिहिलं असशील," ती म्हणाली. तिला धाप लागत होती. मी टॅक्सी बोलावली. ती पलंगाची कड धरून बसली आणि मामा दारात आडवा उभा राहिला. "रविवारी त्यांनाच विचारू," तो म्हणाला. "तोवर ताईला हात लावायचा नाही." डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. आईनं त्यांच्या हातचीही गोळी घेतली नाही. ते तीन दिवस मी तिच्या उशाशी बसून तिचे श्वास मोजले.

रविवारी गर्दी दुप्पट होती. निरोप्याची वीज झाली, मामांचं नाक झालं, मग त्यानं कीबोर्ड काढला आणि बटणाकडे हात नेला.

"थांबा," मी म्हणाले. "आज काय येणार ते मी आधी सांगते." आणि पाचवा निरोप अक्षरन् अक्षर वाचून दाखवला.

कुणीतरी हसलं. निरोप्याचा हात हवेतच राहिला. पण शंभर डोळे बटणाकडे लागले होते. दाबलं नाही तरी फसला, दाबलं तरी फसला. त्यानं दाबलं.

त्रेसष्ट सेकंदांनी पडद्यावर तेच शब्द उमटले.

मला वाटलं होतं, लोक चिडतील. शिंपीणबाई किंचाळली, "अगं बाई, हिच्यातही आलं!"

"रक्त आहे!" निरोप्यानं ते वरच्या वर झेललं. "मी म्हटलं नव्हतं? वाट पोरीतही उघडली! त्यांनी परीक्षा घेतली तिची!"

मामानं माझ्यापुढे हात जोडले. दारातली माणसं आत सरकली. आणि आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं इतके रविवार ती फक्त त्या पडद्याकडे पाहत होती.

खरं सांगते, तो क्षण सगळ्यात भीतीचा होता. मला एकच वाक्य बोलायचं होतं: बाबा म्हणतात, गोळ्या घे. तिनं त्याच क्षणी घेतल्या असत्या. जीव वाचला असता. पण माझ्या तोंडचं खोटं ऐकून आज गोळी घेणारी आई उद्या दुसऱ्या कुणाच्या तोंडचं ऐकून ती फेकणार होती. आणि तोवर मीही निरोप्याच झाले असते.

"माझ्यात काही आलेलं नाही," मी म्हणाले. "मी फाईल वाचली. आई, ऊठ. तू स्वतः करून बघ."

मी कीबोर्ड जोडला.

"वाट मोडेल!" निरोप्या ओरडला. "कीबोर्ड लावून चालणार नाही!"

"का?" आईनं विचारलं. निरोप्याला तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न. "तुम्हीच दर वेळी म्हणता, कुणी टाईप करत नाही हे दाखवायला काढता. बघणारे तर आम्ही इतके आहोत. मग लावला तर बिघडतं कुठे?"

निरोप्या मामाकडे पाहू लागला. मामा स्वतःच्या पायांकडे.

आई खुर्चीत बसली. मी तिचं बोट शिफ्टवर ठेवलं आणि संगणक बंद करून चालू केला. पडदा उजळला. घड्याळ नाही, वही नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. पेटी नुसती घरघरत राहिली.

"आता बोट उचलून," मी म्हणाले. "सहावा येईल. ही खोली यांना द्या, म्हणून." आणि कागद वाचून दाखवला.

सहावा आला.

"पुन्हा," आई म्हणाली. वर्गातला आवाज होता तो. बोट ठेवून गप्प. बोट उचलून सातवा. बोट ठेवून पुन्हा गप्प. दर वेळी ती माझ्या हातातल्या कागदाशी ओळ ताडून पाहत होती, मुलांच्या वह्या तपासाव्यात तशी. मागची माणसं एकेक करून चपला शोधू लागली. शिंपीणबाई मात्र शेवटपर्यंत बसली, आणि निरोप्या जिन्यावर पोचला तेव्हा तिनं हाक मारली, "अहो वीजवाले! तुमची बाटली राहिली!"

सगळे गेल्यावर आई त्याच खुर्चीत होती.

"म्हणजे ते गेलेच," ती म्हणाली.

"हो, आई."

ती रडली. बाबा गेले त्या दिवशी ती रडली नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाली, "डबा वरच्या फळीवर आहे. माझा हात पोचत नाही." गोळी घेऊन आम्ही तिघं टॅक्सीनं दवाखान्यात गेलो. पुढे मामा बसला होता. आईला तिथं नऊ दिवस ठेवून घेतलं.

हे मी लिहिते आहे ते कुणाला हसण्यासाठी नव्हे. त्या खोलीत मूर्ख कुणीच नव्हतं. आई तर आमच्यातली सगळ्यात हुशार. आपलं माणूस गेलं की त्याचा एक शब्द ऐकायला आपण काय वाटेल ते द्यायला तयार होतो, आणि ते घ्यायला कुणीतरी दारात उभंच असतं. असा कुणी आला तर त्याला घालवून द्यायचं धैर्य लगेच होईलच असं नाही. पण एवढं तरी करा. तो कशाला हात लावू देत नाही ते बघा, आणि तिथेच हात लावा. चमत्कार त्याच्या हातानं नको, तुमच्या हातानं पुन्हा करून मागा. आणि निरोप कुणाचाही असो, जिवंताचा की मेलेल्याचा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.