मधे नीला नसताना

काजात निम्मंच शिरलेलं बटण… लाल, कड उडालेलं. नीलाची बोटं ते ढकलत होती, ते निसटत होतं, बोटं पुन्हा ढकलत होती. महानंदाचे हात आपोआप पुढं गेले, तशी शेजारच्या पुतळाबाईनं तिचं मनगट धरलं. "लावू दे की तिला. गाडी चुकाय लागलीय का तुजी?"

बटण लागलं. नऊ वर्षांची नीला पुतळाबाईचं बोट धरून निघाली, मागं वळून न बघता — आणि महानंदाला वाईट वाटलं, हलकंही वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला. ढोकीच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत अशी उशिरा शिकणारी लेकरं तीन घरांत. पुतळाबाईचा थोरला त्यातलाच. तिनंच हे काढलं होतं — आठवड्यातली एकेक दुपार एकीनं तिन्ही लेकरं सांभाळायची, बाकी दोघींनी मोकळं व्हायचं. साखर सहकारात होती, मग लेकरं का न्हाय, म्हणाली होती. आज तू नुस्तं नवऱ्यापाशी बस, हेही तिनंच बजावलं होतं.

नुसतं बसायचं… एवढं सोपं असतं तर! पावसानं पाठ फिरवली, ऊस वाळला, कारखाना माघातच बंद पडला, तेव्हापासून रेवणप्पा घरीच, खाटेवर. आणि अबोला तर दिवाळीपासूनचा. तेव्हा धाराशिवचे डॉक्टर नीलाला तपासून म्हणाले होते, सख्ख्या मामाशी लग्न ना, त्यानंही असेल, कदाचित. ते 'कदाचित' दोघांनीही ऐकलं नाही. परतताना एसटीत तो खिडकीशी, ती कडेला, मधे नीला… आणि मग सगळंच बोलणं नीलाच्या मार्फत. अप्पाला सांग, वाढलंय. आईला सांग, बाहेर चाललोय. नीला उंबऱ्यापर्यंत जाऊन विसरायची, बापाच्या कुशीत शिरायची, निरोप तिथंच राहायचा. थेट तो एकदाच बोलला होता — काही दिवस जळकोटला जाऊन राहा. जळकोट म्हणजे माझं माहेर, आणि ह्यांच्याच बहिणीचं घर. तिथं तरी कुणी कुणाला बोल लावायचा? रक्त एकच. मग ह्यांना माझ्याकडं बघवत का नाही?

चहा उकळला. "अप्पाला सांग —" म्हणून ती थांबली. सांगायला घरात कुणी नव्हतं. कप घेऊन ती खाटेपाशी गेली, तोंड उघडलं, आणि लग्नाआधी सारं लहानपण जिभेवर असलेला, आजीनं — म्हणजे सासूनं — हळदीच्या दिवशी सोडायला लावलेला शब्दच बाहेर पडला.

"मामा, चहा."

मेले मी. नेमका आज, नेमका हाच…

रेवणप्पा उठून बसला. कप घेतला, पण प्यायला नाही.

"लई भ्या वाटतंय, महे," तो म्हणाला. "आपुन गेल्यावर तिचं कसं?"

हीच भीती तिलाही होती. एका घरात दोघं ती भीती दोन कोपऱ्यांत घेऊन बसले होते, आणि महानंदा मात्र समजत होती की आपण नकोशा झालोय. खाटेच्या कडेला ती टेकली. तो सरकला. पुढचं काहीच ठरलं नव्हतं, तरी कितीतरी महिन्यांनी महानंदाला सडकून भूक लागली.