शिंपीणकाकूंची कोरी पानं

मित्रांनो, मी एका आरोग्य केंद्रातली जुनी नोंदवही आहे. लाल कापडी पाठीची, जाड दोऱ्याने शिवलेली. तुम्हाला माझी गोष्ट सांगायची आहे, पण तिच्यात मिरवण्यासारखं फारसं काही नाही.

घरी जाऊन रोग्यांना तपासायचं काम मोठ्या सिस्टरकडे होतं. प्रत्येक घराला माझी चार-चार पानं दिलेली. कुणाची जखम धुतली, कुणाला सुई टोचली, सगळं सिस्टर तारखेसह लिहीत. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नावाला नाही. केंद्राचे साहेब पाहुण्यांना मला उघडून दाखवत. सहा वर्षं मी त्या कौतुकावर फुगत राहिले.

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. त्याच महिन्यात संगणकावर बसणाऱ्या ताईने माझ्या सगळ्या पानांचे फोटो काढले. रोज कुणाकडे आधी जायचं, ते आता कृत्रिम बुद्धिमत्ता ठरवणार होती. माझ्या नोंदी आणखी तीन केंद्रांना द्यायचंही ठरलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

नव्या सिस्टरला रोज सकाळी यादी मिळू लागली. त्या यादीत शिंपीणकाकूंचं नाव कधीच आलं नाही. काकू एकट्या राहत. मधुमेहामुळे त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. तीन आठवड्यांनी शेजारणीने त्यांना इस्पितळात नेलं, तेव्हा पायाची दोन बोटं कापावी लागली.

हे कळताच मोठ्या सिस्टर तडक केंद्रात आल्या.

"तुमच्या वहीत काकूंच्या नावावर सहा वर्षांत दोनच भेटी आहेत," साहेब म्हणाले.

"दोन? अहो, माझ्या घरच्या वाटेवरच त्या राहतात. रोज संध्याकाळी पट्टी बदलूनच मी पुढे जायचे."

"मग लिहिलं का नाहीत?"

"कामाची वेळ संपलेली असायची. जाता जाता केलेलं काय लिहायचं?"

"इतक्या कमी भेटी म्हणजे गरज नाही, असं यंत्राने धरलं," ताई हळूच म्हणाली.

"यंत्राने धरलं. आणि तू गं? मला एक फोन करायला काय झालं होतं?"

ताईने मान खाली घातली. "वही इतकी नीटनेटकी होती, की विचारायचं सुचलंच नाही."

मित्रांनो, ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज संध्याकाळी मला मिटून सिस्टर कपाटातून पट्टीची गुंडाळी घेत, ते मी पाहत होते. त्या कुठे जातात, हे मला ठाऊक होतं. माझ्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, तरी माझ्यामुळेच काकूंना कुणी विचारलं नाही.

साहेबांनी तीन केंद्रांना जाणाऱ्या नोंदी थांबवल्या. मग मोठ्या सिस्टर मला पिशवीत घालून काकूंकडे गेल्या. काकू शिवणयंत्रापाशी बसल्या होत्या. पायाने चालवता येईना, म्हणून चाक हाताने फिरवत होत्या.

"काकू, केंद्रात कळवायचं तरी होतंत."

"नवी पोरगी आलीय म्हणे. म्हटलं, असेल कामात. आणि तुम्ही यायचात, ते काय सरकारी काम होतं? ती तुमची माया. ती मागायची कशी?"

सिस्टरनी मला मांडीवर घेतलं आणि कोऱ्या पानावर त्या दिवसाची तारीख घातली. पुढे केंद्रात बसून त्यांनी आणखी अकरा घरं आठवून आठवून सांगितली. ती सगळी त्यांच्या वाटेवरचीच होती.

मित्रांनो, उद्या तुम्ही एखाद्या कचेरीत बसाल. लोकांची माहिती यंत्राच्या हाती द्याल, दुसऱ्या कचेरीला द्याल. त्याआधी जिने ती लिहिली, तिला समोर बसवा आणि काय लिहायचं राहिलंय ते विचारा. वहीला तोंड नसतं, आणि कौतुक मात्र तिला फार आवडतं.

काकूंच्या पानांवर आता रोज तारीख पडते. ती पडली की मला बरं वाटायला हवं. पण अजून वाटत नाही.